विश्लेषण : इंजिनीअरिंगच्या पदवीत कोणता विषय मोजला जातो, कोणता नाही?

समजा, आठव्या सत्राअखेर एखाद्या विद्यार्थ्याच्या नावावर १६४ श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, जमा आहेत. पदवीसाठी लागतात १६०. एकही विषय मागे राहिलेला नाही. तरीही त्याला पदवी मिळेलच असे नाही. मुक्त ऐच्छिक विषयांच्या रकान्यात आठ श्रेयांक हवे होते, तिथे सहाच आहेत. जास्तीचे श्रेयांक त्याने आपल्याच शाखेचे विषय घेऊन मिळवले आहेत आणि ते त्या रकान्यात वळते होत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या नव्या अभ्यासक्रमांत विषय निवडण्याची मुभा वाढली, तशी अशी चूक होण्याची शक्यताही वाढली. पदवीसाठी नेमके काय मोजले जाते, ऑनलाइन अभ्यासक्रमांचे श्रेयांक चालतात का, ‘मायनर’ची पदवी आणि इंटर्नशिप यांचा हिशेब कसा होतो, याचा हा आढावा.

श्रेयांक म्हणजे काय?

आठवड्याला एक तासाचे व्याख्यान संपूर्ण सत्रभर झाले की एक श्रेयांक. ट्युटोरियलच्या एका तासालाही एक. प्रात्यक्षिकाला मात्र निम्मा भाव, म्हणजे दोन तासांच्या प्रयोगशाळेला एक श्रेयांक. त्यामुळे आठवड्याला तीन व्याख्याने आणि दोन तासांचे प्रात्यक्षिक असलेला विषय चार श्रेयांकांचा होतो. विषयाला किती गुण आहेत याच्याशी श्रेयांकांचा थेट संबंध नाही. शंभर गुणांचा विषय तीन श्रेयांकांचाही असू शकतो आणि चारचाही. सीजीपीए काढताना हाच आकडा वजनासारखा वापरला जातो. म्हणून चार श्रेयांकांच्या विषयात घसरलेली श्रेणी दोन श्रेयांकांच्या विषयापेक्षा दुप्पट महागात पडते.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, २०१८ मध्ये आदर्श अभ्यासक्रम जाहीर केला आणि चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांकांचा आकडा सुचवला. त्याआधी अनेक विद्यापीठांत हा आकडा दोनशेच्या घरात किंवा त्याच्याही वर होता. तासांचे ओझे कमी करावे आणि मोकळ्या झालेल्या वेळात विद्यार्थ्याने स्वतः काही शिकावे, अशी त्यामागची कल्पना होती. मोकळ्या वेळात प्रत्यक्षात काय झाले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्रात १६० ची विभागणी कशी?

राज्य सरकारने २०२३ मध्ये अभियांत्रिकीसाठी नवी श्रेयांक रचना ठरवून दिली. पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांक, म्हणजे सत्राला साधारण २० ते २२. स्वायत्त महाविद्यालयांनी ही रचना आधी स्वीकारली. मुंबई आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठांच्या संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ मध्ये प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्यांपासून लागू झाली.

या रचनेत शाखेचे मुख्य विषय ४४ ते ५६ श्रेयांकांचे आणि शाखेअंतर्गत ऐच्छिक विषय २० श्रेयांकांचे आहेत. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा मूलभूत विज्ञानाला १४ ते १८, तर अभियांत्रिकी विज्ञानाला, म्हणजे मेकॅनिक्स, ड्रॉइंग, प्रोग्रॅमिंग यांसारख्या सर्व शाखांना समान असलेल्या विषयांना १२ ते १६ श्रेयांक आहेत. बहुविद्याशाखीय मायनरला १४, मुक्त ऐच्छिक विषयांना आठ, व्यावसायिक कौशल्यांना आठ. भाषा व संवादकौशल्याला चार, उद्योजकता-अर्थशास्त्र-व्यवस्थापन या गटाला चार, मूल्यशिक्षणाला चार आणि भारतीय ज्ञान प्रणालीला दोन. संशोधन पद्धतीला चार, क्षेत्रकार्य किंवा समाजाशी निगडित प्रकल्पाला दोन, शाखेच्या प्रकल्पाला चार, इंटर्नशिपला १२. शेवटी एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग, कला अशा सहशालेय उपक्रमांना चार.

प्रत्येक रकान्याची किमान संख्या घेऊन बेरीज केली की ती बरोबर १६० येते. एकाही रकान्यात ढिलाई नाही. एका ठिकाणी दोन श्रेयांक कमी पडले तर दुसरीकडचे जास्तीचे दोन तिथे नेऊन टाकता येत नाहीत. किराणा दुकानदाराला साखर कमी पडली म्हणून गूळ जास्त देता येईल. परीक्षा विभाग तसे करत नाही.

मुख्य विषय खरेच कमी झाले का?

‘इंजिनीअरिंगमध्ये आता इंजिनीअरिंग सोडून सगळे शिकवतात’ अशी तक्रार प्राध्यापक आणि पालक दोघांकडूनही ऐकू येते. आकडे काही वेगळेच सांगतात. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात मुख्य विषय ४८ आणि शाखेअंतर्गत ऐच्छिक १८, असे ६६ श्रेयांक होते. राज्याच्या रचनेत किमान ६४ आणि कमाल ७६ आहेत. म्हणजे शाखेच्या विषयांवर फारशी कात्री चाललेली नाही.

कात्री चालली ती पायावर. २०१८ च्या रचनेत मूलभूत विज्ञान २५ आणि अभियांत्रिकी विज्ञान २४, एकूण ४९ श्रेयांक होते. आता ते २६ ते ३४ आहेत. बारावीला सीईटीच्या तयारीत गणित-भौतिकशास्त्राचे जेमतेम आकलन झालेला विद्यार्थी प्रथम वर्षात ते भरून काढतो, हे आजवरचे गृहीत होते. आता त्यासाठी तास कमी आहेत. तिसऱ्या वर्षी कंट्रोल सिस्टिम्स किंवा फ्लुइड मेकॅनिक्स शिकवणाऱ्या प्राध्यापकाला डिफरन्शिअल इक्वेशन पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले, तर त्याचे मूळ या बेरजेत आहे. भारतीय ज्ञान प्रणालीच्या दोन श्रेयांकांवर वाद बरेच झाले, मूलभूत विज्ञानाच्या घटलेल्या वाट्याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. खरे तर ती आधी व्हायला हवी होती.

‘मायनर’ १६० च्या आत की बाहेर?

सर्वाधिक गोंधळ याच शब्दाने केला आहे, कारण तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

एआयसीटीईने आधी आणलेली ‘मायनर’ पदवी ही १६० च्या वरची होती. कृत्रिम बुद्धिमत्ता, इंटरनेट ऑफ थिंग्ज, सायबर सुरक्षा अशा क्षेत्रांत १८ ते २० श्रेयांक जास्तीचे मिळवायचे, की पदवीवर त्याचा उल्लेख येतो. ती ऐच्छिक होती, नाही घेतली तरी पदवी अडत नसे. आपल्याच शाखेत किंवा तिच्या उपशाखेत जास्तीचे श्रेयांक मिळवले तर ‘ऑनर्स’.

राज्याच्या नव्या रचनेतील बहुविद्याशाखीय मायनर मात्र १६० च्या आतच आहे आणि सक्तीची आहे. तिचे १४ श्रेयांक मिळाले नाहीत तर मूळ पदवीच पूर्ण होत नाही. ऑनर्स किंवा दुसरी मायनर हवी असेल तर त्याचे श्रेयांक याच्याही वर मिळवावे लागतात. ‘आमच्या वेळी मायनर ऐच्छिक होती’ हा वरच्या वर्गातील मुलांचा सल्ला त्यांच्या पॅटर्नपुरता खरा आहे. नव्या पॅटर्नच्या विद्यार्थ्याने तो ऐकून मायनरचा विषय अंगाबाहेर टाकला, तर त्याचे नुकसान ठरलेले.

आणखी एक अडचण आहे. मायनरचे विषय एकापुढे एक रचलेले असतात आणि ते अनेक सत्रांत विभागलेले असतात. दोन सत्रांनंतर मायनर बदलायची म्हटले तर आधीचे श्रेयांक बहुधा वाया जातात. कागदावर मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्र, डिझाइन, जैवतंत्रज्ञान असे काहीही घेता येते. प्रत्यक्षात महाविद्यालयाकडे जे शिक्षक आहेत तेवढ्याच मायनर उघडतात. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात संगणकाच्या तीन-चार शाखा आणि बाकी एक-दोन शाखा असतील, तर सगळ्यांच्या वाट्याला डेटा सायन्सच येणार. त्याला निवड म्हणणे जिवावर येते. शेजारच्या महाविद्यालयात जाऊन किंवा ऑनलाइन पद्धतीने मायनरचे विषय पूर्ण करण्याची सोय विद्यापीठांनी मोकळेपणाने द्यायला हवी. नाहीतर बहुविद्याशाखीय हा शब्द पदवीच्या कागदावरच राहील.

मुक्त ऐच्छिक विषय कोठून घ्यायचे?

इथे नियम सरळ आहे. हे विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचे हवेत. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ‘मुक्त’ शब्द पाहून क्लाउड कॉम्प्युटिंग घेतले तर ते या रकान्यात बसत नाही. वित्त व्यवस्थापन, मानसशास्त्र, कायदा, भाषा, संगीत अशा विषयांसाठी ही जागा आहे. सुरुवातीला दिलेल्या उदाहरणातील विद्यार्थी इथेच अडकलेला आहे.

‘स्वयम्’ आणि ‘एनपीटीईएल’चे श्रेयांक चालतात का?

चालतात, पण आपोआप नाही. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमांतून पदवीचे श्रेयांक मिळवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत २० टक्क्यांपर्यंत परवानगी दिली होती; २०२१ च्या नियमांनी ती मर्यादा ४० टक्के केली. ही मर्यादा एका सत्रात त्या अभ्यासक्रमासाठी उपलब्ध असलेल्या विषयांची आहे. ती कमाल मर्यादा आहे, विद्यार्थ्याचा तेवढ्यावर हक्क आहे असा तिचा अर्थ होत नाही. कोणता ऑनलाइन अभ्यासक्रम कोणत्या विषयाऐवजी किंवा कोणत्या रकान्यात धरायचा, हे संस्थेची विद्यापरिषद ठरवते.

अभियांत्रिकीत सर्वाधिक वापर ‘एनपीटीईएल’चा होतो. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक ते शिकवतात. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एक, आठला दोन आणि बारा आठवड्यांना तीन श्रेयांक, असा साधारण हिशेब आहे. नोंदणी विनामूल्य आहे. प्रमाणपत्रासाठी मात्र शुल्क भरून केंद्रावर जाऊन देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत दर आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ टक्के आणि या परीक्षेला ७५ टक्के वजन असते. दोन्हींत स्वतंत्रपणे किमान गुण हवेत. व्हिडीओ पूर्ण पाहिले, स्वाध्याय दिले, पण परीक्षा दिली नाही, तर श्रेयांक शून्य.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. पहिला आकारमानाचा. महाविद्यालयातील विषय चार श्रेयांकांचा आणि बारा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम तीनचा असेल, तर उरलेला एक कोठून आणायचा? काही ठिकाणी प्रात्यक्षिक महाविद्यालयात घेऊन तो भरला जातो, काही ठिकाणी सरळ नकार मिळतो. दुसरा घोळ वेळेचा. विद्यार्थी आधी अभ्यासक्रम पूर्ण करतो आणि मग प्रमाणपत्र घेऊन विभागप्रमुखांकडे जातो. तोवर उशीर झालेला असतो. मान्यता सत्राच्या सुरुवातीला, लेखी आणि रकान्याच्या नावासह घ्यावी लागते. विद्यापीठांनी सत्र सुरू होण्याआधी मान्य अभ्यासक्रमांची यादी लावली, तर यातील निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत. काही स्वायत्त महाविद्यालये हे नेमाने करतात. बाकी ठिकाणी यादी सत्र सुरू होऊन महिना उलटल्यावर येते, तेव्हा ‘स्वयम्’ची नोंदणी बंद झालेली असते.

खासगी कंपन्यांच्या आणि परदेशी व्यासपीठांच्या प्रमाणपत्रांचे काय, हा प्रश्न मुलाखतीच्या तयारीत असलेले विद्यार्थी विचारतात. नोकरीच्या अर्जात त्यांचा उपयोग होतो. पदवीच्या हिशेबात मात्र संस्थेने तो अभ्यासक्रम स्वतःच्या रचनेत आधी मान्य केला असेल तरच ते धरले जाते. यूट्यूबवर चार महिने शिकलेले पायथन किती चांगले येते, याला गुणपत्रिकेत जागा नाही.

श्रेयांक नाहीत, तरी सक्तीचे

काही विषयांना एकही श्रेयांक नसतो आणि तरीही ते उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी मिळत नाही. एआयसीटीईच्या २०१८ च्या आराखड्यात पर्यावरणशास्त्र, भारतीय राज्यघटना आणि भारतीय पारंपरिक ज्ञान हे विषय याच प्रकारचे होते. जुन्या पॅटर्नमध्ये अनेक विद्यापीठांनी ते ‘ऑडिट कोर्स’ म्हणून ठेवले. पर्यावरणाचा विषय महाविद्यालयांत आला तो एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या आदेशामुळे. तो टाळण्याची मुभा कोणत्याच शाखेला नाही. विद्यार्थ्यांच्या लेखी मात्र तो कायम ‘शेवटच्या रात्रीचा पेपर’ राहिला. श्रेयांक नाही म्हणून तो द्यायचाच राहून गेला, तर पुढे दीक्षान्त समारंभाच्या अर्जाच्या वेळी तो आडवा येतो.

याच जातीचा आणखी एक प्रकार म्हणजे उपक्रम गुण. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्रीय विद्यापीठात चार वर्षांच्या विद्यार्थ्याला असे १०० गुण आणि थेट द्वितीय वर्षात आलेल्याला ७५ गुण मिळवावे लागतात. गावात जाऊन केलेले पाण्याचे, स्वच्छतेचे, साक्षरतेचे काम यात येते. हे गुण सीजीपीएमध्ये येत नाहीत, पण ते नसतील तर पदवी रोखली जाते. बेळगाव, निपाणी, कारवार भागातून तिथे शिकणाऱ्या मराठी मुलांना आणि कोल्हापूर-सांगलीतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या त्यांच्या भावंडांना लागू असलेले नियम असे वेगळे आहेत. एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही.

इंटर्नशिपचे १२ श्रेयांक कोण देणार?

नव्या रचनेतला हा सर्वांत मोठा प्रश्न. १६० पैकी १२ म्हणजे साडेसात टक्के, म्हणजेच मूलभूत विज्ञानाच्या एकूण वाट्याच्या जवळपास. एक अख्खे सत्र यासाठी मोकळे ठेवण्याची कल्पना चांगली आहे. पुण्यात चाकण-हिंजवडीच्या सावलीत शिकणाऱ्याला कंपनी मिळेल. गडचिरोली, हिंगोली किंवा धाराशिवच्या विद्यार्थ्याने कोठे जायचे? शहरात सहा महिने राहायचे तर खोलीभाडे आणि खानावळ घरूनच, कारण विद्यावेतन मिळेलच याची हमी नाही. जिथे श्रेयांक सक्तीचे आणि जागा अपुऱ्या, तिथे पैसे घेऊन इंटर्नशिपची प्रमाणपत्रे देणाऱ्यांचा धंदा चालतो. समाजमाध्यमांवर अशा जाहिराती उघड दिसतात. या प्रमाणपत्रावर महाविद्यालयाने आक्षेप घेतला तर पैसे गेले आणि श्रेयांकही गेले, अशी विद्यार्थ्याची गत होते.

जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, महावितरण, एसटी महामंडळ यांच्याकडे अभियंत्यांची कामे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. श्रेयांक सक्तीचे करणाऱ्या सरकारनेच या कार्यालयांत जागा ठरवून द्याव्यात, ही मागणी अवाजवी नाही. अनेक रचनांत इंटर्नशिपऐवजी महाविद्यालयातच प्रकल्प आणि काही विषय घेण्याचा पर्याय असतो. तो आपल्या विद्यापीठात आहे का, हे सहाव्या सत्रातच विचारून ठेवलेले बरे.

डिप्लोमावाले आणि पॅटर्न बदललेले

पदविका करून थेट द्वितीय वर्षात आलेल्यांना पहिल्या वर्षाचे श्रेयांक पुन्हा मिळवावे लागत नाहीत. त्यांचा हिशेब तिसऱ्या सत्रापासून, साधारण १२० ते १३२ श्रेयांकांचा असतो. पण पहिल्या वर्षात असलेला एखादा सक्तीचा विषय किंवा गणिताचा जोड-अभ्यासक्रम त्यांना वेगळा पूर्ण करावा लागू शकतो. प्रवेशाच्या गडबडीत ही सूचना बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

त्याहून बिकट अवस्था वर्ष वाया गेलेल्यांची. जुन्या पॅटर्नमध्ये प्रवेश घेतला, एक-दोन वर्षे गेली, आणि परत येईपर्यंत वर्गात नवा पॅटर्न सुरू झालेला. अशा वेळी अभ्यासमंडळ समकक्ष विषयांचा तक्ता काढते : जुना अमुक विषय म्हणजे नवा तमुक. तक्त्यात नसलेले नवे विषय जास्तीचे द्यावे लागतात. मायनर आणि इंटर्नशिपसारखे रकाने जुन्या रचनेत असे नव्हतेच, त्यामुळे त्यांना समकक्ष शोधायचे तरी काय? इथे विद्यार्थी पूर्णपणे विद्यापीठाच्या परिपत्रकावर अवलंबून असतो. ते उशिरा निघाले तर एक सत्र हातचे जाते.

श्रेयांक बँकेत असले की झाले?

२०२१ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये श्रेयांक जमा होतात, ते सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात आणि एका पदवीसाठी वापरलेले दुसरीसाठी वापरता येत नाहीत. महाविद्यालय बदलताना किंवा मध्येच शिक्षण सोडून परत येताना या खात्याचा उपयोग आहे. मात्र ही बँक फक्त साठा सांगते. तो साठा कोणत्या रकान्यात धरायचा, हे पदवी देणारे विद्यापीठच ठरवते. मुंबईत मिळवलेले मायनरचे सहा श्रेयांक नागपुरात त्याच मायनरमध्ये मोजले जातील, याची खात्री खाते देत नाही.

सत्राच्या गुणपत्रिकेवर विषय, श्रेणी, मिळालेले श्रेयांक आणि एसजीपीए-सीजीपीए असतो. रकान्यानुसार बेरीज, म्हणजे मुक्त ऐच्छिकचे आठपैकी किती झाले आणि मायनरचे १४ पैकी किती, ही मात्र सहसा नसते. हा सगळा तपशील परीक्षा विभागाच्या संगणकात असतोच. चौथ्या आणि सहाव्या सत्रानंतर तो विद्यार्थ्याच्या लॉगिनवर दाखवायला वेगळा शासन निर्णय लागत नाही. २०२४-२५ ला प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२८ मध्ये आठव्या सत्राच्या परीक्षेला बसेल. संलग्न महाविद्यालयांत नवी रचना पहिल्यांदा कसाला लागेल ती तेव्हा, आणि तोवर ज्याची-त्याची बेरीज विद्यार्थ्यालाच वहीत मांडून ठेवावी लागणार आहे.